मलम देण्याआधी एकदा विचारा: औषध दुकानांतल्या काउंटरमागच्या सर्वांना खुले पत्र

औषध दुकानांत काम करणाऱ्या फार्मासिस्ट मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांनी माझ्याआधी तुम्हाला गाठलेलं असतं आणि त्यात मला काहीच वावगं वाटत नाही. टाचेला भेगा पडल्या, पायाच्या बोटांच्या बेचक्यांत बुरशी झाली, डास चावून गांधी उठल्या, कोरडेपणामुळे पोटऱ्या खाजू लागल्या, तर प्रत्येकाने डॉक्टरकडे धावण्याची गरज नसते. चिठ्ठीशिवाय मिळणारी मलमं अशाच वेळेसाठी असतात आणि त्यांतली कित्येक उत्तम असतात. माझी तक्रार त्या मलमांबद्दल नाही. ट्यूब हातात ठेवताना जे चार शब्द बोलायला हवेत ते बोलले जात नाहीत, आणि त्या न बोललेल्या चार शब्दांची किंमत माणसं वर्षानुवर्षं स्वतःच्या त्वचेवर मोजतात. ते मला रोज दिसतं, म्हणून हे पत्र.

तुमच्यासमोर माणूस येतो आणि म्हणतो, "खाज सुटलीय, काहीतरी द्या." खाज नायट्याला सुटते, इसबाला सुटते, खरजेला सुटते. नव्या साबणाची अ‍ॅलर्जी झाली तरी सुटते, सोरायसिसमध्ये सुटते, वयामुळे त्वचा कोरडी पडली तरी सुटते. अंगावर काहीच दिसत नसताना सर्वांगाला खाज सुटत असेल तर मूळ कधीकधी यकृतात, मूत्रपिंडात किंवा थायरॉइडमध्ये असतं. या साऱ्यांवरचे उपाय वेगळे आहेत, आणि गोम अशी की एकाला बरं करणारं मलम दुसऱ्याला खतपाणी घालतं. इसबावर स्टेरॉइड हे योग्य औषध आहे. तेच नायट्यावर लावलं तर काय होतं, त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. माझ्याकडे येणारी सर्वांत जास्त बिघडलेली प्रकरणं याच वाटेने आलेली असतात.

नायट्याची बुरशी त्वचेच्या वरच्या मृत थरातल्या केराटिन या प्रथिनावर जगते. ती आत खोल जात नाही. जी खाज सुटते, जी लाल कड उमटते, ती बुरशीला हुसकावण्यासाठी शरीराने सुरू केलेली लढाई असते. स्टेरॉइड ती लढाई थांबवतं. दोन दिवसांत लाली उतरते, खाज मिटते, माणूस खूश होतो. बुरशी मात्र होती तिथेच असते, आणि आता तिला अडवणारं कुणी उरलेलं नसतं. ट्यूब संपते, चार दिवसांत खाज दुपटीने परतते. माणूस पुन्हा तीच ट्यूब मागायला येतो, कारण त्याच्या अनुभवाप्रमाणे तिच्यानेच तर आराम पडला होता. असं चार-सहा वेळा झालं की नायट्याची ओळखीची गोल कड पुसट होते, वर्तुळात वर्तुळं उमटतात, चट्टा जांघेतून पोटावर, मांड्यांवर, कधी चेहऱ्यापर्यंत पसरतो. ब्रिटनमधल्या आइव्ह आणि मार्क्स या डॉक्टरांनी १९६८ सालीच या अवस्थेचं वर्णन करून तिला 'टिनिया इनकॉग्निटो' असं नाव दिलं होतं. अशा वेळी नुसत्या डोळ्यांना आम्हीही फसतो. चट्ट्याच्या कडेवरचा कोंडा खरवडून, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे शोधावे लागतात.

आता त्या मिश्र ट्यूबबद्दल. बुरशीनाशक, जिवाणूनाशक आणि त्यांच्या सोबत एखादं जहाल स्टेरॉइड, असं सगळं एकाच ट्यूबमध्ये. ती का खपते हे मला समजतं. रोग काय आहे हे ठाऊक नसताना ती सगळ्यांवर चालेल असं वाटतं, लगेच आराम पडतो, गिऱ्हाईक तक्रार करत नाही. पण तिच्यात पुष्कळदा असणारं क्लोबेटासोल हे त्वचेवर लावायच्या स्टेरॉइडांमधलं सर्वांत ताकदीचं. सौम्य हायड्रोकॉर्टिसोनच्या ते शेकडो पटींनी जहाल मानलं जातं. सोरायसिसच्या जाड चट्ट्यावर, तेही सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त नाही आणि आठवड्याला ५० ग्रॅमच्या वर नाही, अशा मर्यादा त्याला घातलेल्या आहेत. आणि आपण ते जांघेत लावायला देतो! फेल्डमन आणि मायबाख यांनी १९६७ साली शरीराच्या निरनिराळ्या भागांतून हायड्रोकॉर्टिसोन किती शोषलं जातं ते मोजलं. हाताच्या पुढच्या भागाशी तुलना केली तर कपाळातून ते सहापट, जबड्याजवळच्या त्वचेतून तेरापट आणि वृषणाच्या त्वचेतून बेचाळीसपट शोषलं गेलं. म्हणजे जिथे सर्वांत सौम्य औषधसुद्धा जपून लावायचं, नेमकी तीच जागा या मिश्रणाची नेहमीची जागा होऊन बसली आहे. तिथली त्वचा पातळ होते, गरोदर बाईच्या पोटावर दिसतात तशा रेघा जांघेत उमटतात, आणि त्या पुन्हा कधीच पूर्ण जात नाहीत. विशीतल्या मुलांच्या मांड्यांवर त्या बघताना मला वाईट वाटतं. त्यांनी केलेलं काय, तर दुकानातून दिलेलं मलम मन लावून लावलेलं असतं.

याची दुसरी बाजू एकट्या माणसापुरती राहिलेली नाही. ट्रायकोफायटॉन इंडोटिनी या नावाने २०२० साली वेगळी ओळखली गेलेली बुरशी भारत आणि नेपाळमधल्या रुग्णांच्या नमुन्यांत सापडली. टर्बिनाफिन हे नायट्यावरचं हुकमी औषध तिच्यातल्या अनेक वाणांना लागूच पडत नाही. २०२३ साली अमेरिकेत तिचे रुग्ण नोंदले गेले, युरोपात त्याआधीच मिळाले होते. बुरशी अशी मुजोर होण्यामागे स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांच्या बेसुमार वापराचा हात असावा, असं या विषयातले अभ्यासक मानतात. पूर्वी दोन-तीन आठवड्यांत आटपणारा नायटा आज महिनोन्‌महिने गोळ्या घेऊनही हटत नाही, हे मी स्वतः बघते आहे.

मग करायचं काय? काउंटरवर गर्दी असते, मागून आणखी चारजण हात पुढे करून उभे असतात, सविस्तर चौकशीला सवड नसते, हे मला कळतं. माझं मागणं तेवढं मोठं नाही. चट्टा नेमका कुठे आहे, किती दिवसांपासून आहे, आणि आजवर त्यावर काय काय लावलं, एवढं विचारा. त्यासोबत घरात आणखी कुणाला खाज आहे का, हेही. या प्रश्नांची उत्तरं मिळायला एक मिनिट पुरतं आणि निम्म्याहून अधिक घोळ तिथेच सुटतो.

शेवटच्या प्रश्नाचं महत्त्व खरजेच्या वेळी कळतं. रात्री अंथरुणात वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर, कंबरेला, काखेत बारीक पुळ्या, आणि घरातल्या दोघा-तिघांना तेच, असं ऐकलं की खरूज मनात यायलाच हवी. तिच्यावर पाच टक्के पर्मेथ्रिन चांगलं काम करतं, पण ते खाजेच्या ठिपक्यांवर लावायचं मलम नाही. मानेपासून तळपायापर्यंत, नखांखाली, बेंबीत, बेचक्यांत, सगळीकडे लावून आठ ते चौदा तास ठेवायचं आणि आठवड्याने पुन्हा एकदा लावायचं. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं, खाज असो वा नसो. कपडे आणि अंथरूण-पांघरूण त्याच वेळी गरम पाण्यात धुवायचं. किडे मेल्यावरही खाज दोन-चार आठवडे टिकते. हे कुणी सांगितलेलं नसलं की माणूस औषध फसलं असं समजतो आणि पुन्हापुन्हा पर्मेथ्रिन फासून स्वतःची त्वचा सोलून घेतो. या सूचना ट्यूबसोबतच्या कागदावर असतात खऱ्या, पण तो बारीक अक्षरातला कागद खोक्यासकट कचऱ्यात जातो. तुमच्या तोंडचं एक वाक्य त्या कागदापेक्षा जास्त लक्षात राहतं.

साध्या, स्टेरॉइड नसलेल्या बुरशीनाशक मलमाबद्दलही दोन गोष्टी सांगितल्या जात नाहीत. पहिली, ते चट्ट्याच्या बाहेर दोन सेंटीमीटरपर्यंत लावायचं, कारण बुरशी दिसणाऱ्या कडेच्या पुढे सरकलेली असते. दुसरी, खाज थांबली म्हणून थांबायचं नाही. क्लोट्रिमाझोलसारखं औषध साधारण दोन ते चार आठवडे लावायचं, आणि त्वचा स्वच्छ दिसू लागल्यानंतरही आठवडा-दोन आठवडे चालू ठेवायचं. जांघेत नायटा असेल तर त्या माणसाला पायाची बोटं बघायला सांगा. पुष्कळदा मूळ वस्ती तिथे असते आणि अंतर्वस्त्र घालताना ती वर पोहोचते. डोक्याच्या केसांत किंवा नखात बुरशी असेल तर मात्र वरवर मलम लावून भागत नाही, गोळ्याच लागतात. तिथे ट्यूब विकणं म्हणजे नुसता वेळ घालवणं.

किती लावायचं, हा प्रश्न तर कुणी विचारतही नाही आणि सांगतही नाही. त्यासाठी एक फार सोपं माप आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली क्रीमची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. बोटांसकट दोन तळहात झाकतील एवढ्या जागेला ती पुरते. लाँग आणि फिनले या डॉक्टरांनी १९९१ साली हे मोजून मांडलं आणि तेव्हापासून जगभर शिकवलं जातं. काउंटरवर स्वतःचं बोट दाखवून ते पाच सेकंदांत सांगता येतं. याच हिशोबाने पाऊल सोडून एका पायाला सहा रेघा, म्हणजे तीन ग्रॅम लागतात. दिवसातून दोनदा लावलं तर सहा ग्रॅम. आता बघा, ज्याचे दोन्ही पाय इसबाने कोरडे पडून फुटलेत त्याला आपण पंधरा ग्रॅमची मॉइश्चरायझरची ट्यूब देतो. ती सव्वा दिवसात संपायला हवी, आणि तो ती महिनाभर पुरवतो. मग म्हणतो की फरक पडत नाही. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत इसब असलेल्या मुलांसाठी आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम मॉइश्चरायझर सांगितलं आहे. आकडा ऐकून पालकांचे डोळे विस्फारतात, पण इसबाचा अर्धा इलाज तिथेच आहे. सुगंध नसलेलं, साधं, मोठ्या डब्यातलं द्या. आंघोळीनंतर त्वचा ओलसर असतानाच, केसांच्या दिशेने, न रगडता लावायला सांगा. महागड्या नावाची छोटी ट्यूब आणि स्वस्त मोठा डबा यांत निवड असेल, तर भरपूर वापरता येईल तो डबाच बरा.

इथे एक इशारा द्यावासा वाटतो, कारण तो फार थोड्यांना माहीत आहे. मॉइश्चरायझर स्वतःहून पेट घेत नाही, पण ते मुरलेले कपडे, बँडेज, चादरी ज्वाळेजवळ गेल्या तर साध्या कापडापेक्षा भराभर पेटतात. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०१८ साली याबद्दल सर्वांना सावध केलं. कपडे धुतल्यावरही अंश पूर्ण जात नाही. अंथरुणाला खिळलेला, विडी-सिगारेट ओढणारा रुग्ण घरी असेल तर त्याच्या माणसांना हे नक्की सांगा.

स्टेरॉइडबद्दल इतकं लिहिल्यावर मला उलट बाजूनेही बोललंच पाहिजे, नाहीतर हे पत्र वाचून कुणीतरी उद्यापासून त्या नावालाच घाबरेल. १९५२ साली अमेरिकेत सल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोन त्वचेवर लावून इसब आटोक्यात येतं हे दाखवलं. त्याआधीच्या पिढ्यांतली इसबाची मुलं रात्र-रात्र खाजवत रक्तबंबाळ होत असत आणि त्यांच्यापाशी डांबराच्या मलमांपलीकडे फारसं काही नव्हतं. त्या शोधाने वैद्यकातली एक मोठी व्यथा हलकी केली. आजही माझ्याकडे अशी आई येते जिने 'स्टेरॉइड' एवढं ऐकून ट्यूब उघडलेलीच नसते, आणि तिचं बाळ झोपेविना कुरकुरत असतं. त्या आईला धीर देणंही तुमच्या हातात आहे. योग्य ताकदीचं, योग्य जागी, ठरलेल्या मुदतीपुरतं लावलेलं स्टेरॉइड सुरक्षित असतं. भीती घालून अर्धवट उपचार करायला लावणं हे बेफाम वापराइतकंच वाईट.

सौम्य स्टेरॉइड चिठ्ठीशिवाय देण्याची मुभा अनेक देशांत आहे आणि तिथल्या अटी वाचण्याजोग्या आहेत. ब्रिटनमध्ये एक टक्का हायड्रोकॉर्टिसोन असं विकताना ते चेहऱ्यावर नको, गुप्तांगाजवळ नको, जखमेवर किंवा जंतुसंसर्ग झालेल्या जागी नको, दहा वर्षांखालच्या मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि सात दिवसांपेक्षा जास्त नको, असं बंधन आहे. सर्वांत सौम्य औषधाला एवढ्या अटी! तुमच्या देशात कायदा काय म्हणतो ते तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक असेल. पण कायदा कितीही सैल असला तरी या अटी मनात धरून ट्यूब द्यायला कुणी आडकाठी करत नाही.

चेहऱ्याचा विषय मी मुद्दाम वेगळा काढते. मुरुमांसाठी, वांगासाठी, आणि खरं सांगायचं तर नुसतं गोरं दिसण्यासाठी चेहऱ्यावर स्टेरॉइड फासलं जातं. १९७५ साली क्लिगमन आणि विलिस यांनी वांगासाठी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड यांचं मिश्रण सुचवलं होतं. ते डॉक्टरच्या देखरेखीखाली काही आठवडे वापरायचं औषध होतं. त्याच धाटणीची मिश्रणं आज माणसं वर्षानुवर्षं साधी क्रीम म्हणून लावतात. सुरुवातीला चेहरा उजळतो, मऊ होतो, कौतुक होतं. मग त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुम उसळतात, गालांवर केस वाढतात, आणि क्रीम एक दिवस चुकलं तरी चेहरा आगीसारखा जळतो. क्लिगमन यांनीच पुढे १९७९ साली फ्रॉश यांच्यासोबत या अवस्थेला स्टेरॉइडचं व्यसन म्हटलं. तो माणूस आरशासमोर रडत असतो आणि जळजळ थांबवायला परत त्याच ट्यूबकडे वळतो. पापण्यांजवळ लावलं तर डोळ्यांतला दाब वाढून काचबिंदू होण्याचा धोकाही असतो. नुसतं हायड्रोक्विनोनही अनेक वर्षं लावत राहिलं तर उलट निळसर-काळे डाग पडतात. आणि गोरेपणाच्या काही क्रीममध्ये पारा असतो. तो त्वचेतून शरीरात शिरतो, मूत्रपिंडं आणि मज्जासंस्था बिघडवतो. पाऱ्याच्या वापराला आळा घालण्यासाठी २०१३ साली झालेल्या मिनामाता करारात अशा सौंदर्यप्रसाधनांचाही समावेश आहे. घटक न छापलेली डबी कुणी कितीही आग्रहाने मागितली तरी तुमच्या कपाटात तिला जागा नसावी. रंग हा आजार नाही, त्यावर औषध देण्याची जबाबदारी तुमच्यावर नाही.

मुरुमांसाठी द्यायचंच असेल तर चिठ्ठीशिवाय देण्याजोगी चांगली औषधं आहेत. बेंझॉइल पेरॉक्साइड अडीच टक्क्यांचं घ्या. दहा टक्क्यांचं त्याहून सरस ठरत नाही, आग मात्र जास्त करतं. त्याने उशीचे अभ्रे आणि रंगीत कपडे फटफटीत होतात, हे आधी सांगा. आणि सहा ते आठ आठवडे धीर धरायला सांगा, कारण चौथ्या दिवशी आरशात काहीच दिसलं नाही की मुलं ट्यूब फेकून दुसरी घ्यायला येतात.

जखमेवर लावायच्या प्रतिजैविक मलमांबद्दल थोडक्यात. त्यांतल्या निओमायसिन या प्रतिजैविकाची अ‍ॅलर्जी इतकी सर्रास आढळते की अमेरिकेतल्या संपर्क-त्वचादाहावर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०१० सालचा 'अ‍ॅलर्जन ऑफ द इयर' म्हणून त्याची निवड केली. जखम बरी होण्याऐवजी भोवतीची त्वचा लाल होऊन पाझरू लागली, की माणूस जंतुसंसर्ग वाढला असं समजून तेच मलम आणखी थापतो. स्वच्छ, साध्या खरचटण्याला साबण-पाणी, पेट्रोलियम जेली आणि पट्टी पुरते.

काही वेळा मात्र कोणतीही ट्यूब देऊ नका, हात जोडून सांगते. चट्ट्यावर स्पर्श कळत नाही, सुन्न वाटतं असं कुणी म्हणालं तर तो कुष्ठरोग असू शकतो. तो आज पूर्ण बरा होतो, पण उशीर झाला तर नसा कायमच्या जातात. फिकट, बधिर चट्ट्याला शिबं समजून महिनोन्‌महिने मलम लावलं गेल्याची उदाहरणं आम्ही पाहतो. एकाच बाजूच्या स्तनाग्रावर इसबासारखं काही असेल आणि ते हटत नसेल तर तिथे स्तनाच्या कर्करोगाची शंका घ्यावी लागते. आकार किंवा रंग बदलणारा तीळ, महिना-दीड महिन्यात न भरणारी जखम, तळपायावरचा वाढता काळा डाग, यांनाही मलमाची वाट दाखवू नका. ताप आहे, त्वचा गरम आणि दुखरी होऊन लाली तासागणिक पसरते आहे, फोड येताहेत, तोंड किंवा डोळे सोलवटले आहेत, किंवा तान्ह्या बाळाच्या अंगावर काही उठलंय, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवा. आणि लक्षात असू द्या, सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर लाली लाल दिसत नाही. ती जांभळट, तपकिरी, कधी राखाडी दिसते. पुस्तकांतली चित्रं बहुतेक गोऱ्या त्वचेवरची असल्यामुळे शिकलेली माणसंही इथे चुकतात. अशा वेळी हाताच्या पाठीने त्वचेची ऊब बघायला सांगा.

हे सगळं तुमच्या एकट्याच्या माथी मारून मी मोकळी होणार नाही. चिठ्ठीवर नुसतं 'लावा' असं लिहून, किती, कुठे आणि कधीपर्यंत हे न सांगता रुग्णाला बाहेर पाठवणारे आमच्यातलेही खूप आहेत. तीच चिठ्ठी मग दोन वर्षं घरात फिरते, मोठ्या भावाच्या कोपरावरचं औषध धाकटीच्या गालावर जातं, आणि दोष तुमच्यावर येतो. म्हणून आमच्या बाजूनेही काही ठरवायला हवं. मी माझ्या प्रत्येक चिठ्ठीवर मलम लावायची जागा, बोटाच्या मापाने प्रमाण आणि थांबण्याची तारीख लिहिते, आणि माझ्या सहकाऱ्यांनाही तसं लिहायचा आग्रह धरते. तुम्ही ट्यूबवर पेनाने तेवढंच उतरवून द्या. डॉक्टरच्या चिठ्ठीवर मुदत नसेल तर फोन करून विचारा, तो आमच्या कामात व्यत्यय नाही. आणि तारीख उलटून गेलेली माझी चिठ्ठी पुन्हा तुमच्या काउंटरवर आली, तर ट्यूब देऊ नका. त्या माणसाला माझ्याकडे पाठवा, मी त्याला रांगेत थांबवणार नाही.

आपली,
एक त्वचारोगतज्ज्ञ